हजाराला चौदा कमी

आदरणीय मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याची वाटी सरकल्यापासून आठांतलं एक अंग जमिनीला टेकत नाही, तेव्हा उरलेल्या सातांवर भागवून घ्यावं.) तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं असेल आणि मामींचा खोकला बसला असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचाल तसं ते एकेका शब्दाने खोडत जावं.

मागच्या आठवड्यात मी फोन केला होता, पण त्या फोनचा काही उपयोग झाला नाही. मी म्हणालो, "मामा, पाय गेला," आणि तुम्ही म्हणालात, "आमचा चहा कधीच झाला, तू घे." मी पुन्हा ओरडून सांगितलं तर रांगेत मागे उभे असलेले चार जण माझ्याकडे वळून बघायला लागले, म्हणून ठेवून दिला. इंजिनघरात बत्तीस वर्षं काढून तुम्ही एक कान तिथेच ठेवून आलात, त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. पण काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. (पाय माझा नाही. मामी, घाबरू नका. कोणाचा ते पुढे येईल.)

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत, की डेकवरचं काम सुटल्यावर मी आता समुद्रातल्या या तेलाच्या रिगवर दिवसभर नेमकं करतो काय. प्रश्न अडचणीचा आहे. वीस वर्षं मी दोर ओढले तेव्हा मला हे कोणी विचारलं नाही, कारण दिसत होतं. गुडघा गेल्यावर रिगच्या साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुला आता चढता येत नाही, उतरता येत नाही, म्हणजे या सबंध रिगवर तुझ्याइतका सुरक्षित माणूस नाही. तू सुरक्षा अधिकारी हो." मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी नवीन पांढरं हेल्मेट आलं.

मला खोली मिळाली ती पूर्वीची रंगाची कोठी. खिडकी नाही, वास अजून आहे, आणि दाराच्या आत बरोब्बर कपाळाच्या उंचीवर एक आडवा पाइप आहे. पहिल्या महिन्यात मी त्याला अकरा वेळा धडकलो. सुरक्षा अधिकारी स्वतःच्या खोलीत हेल्मेट घालून बसतो, हे बघायला लोक कामं सोडून येऊन गेले. पाइप हलवावा असा अर्ज मी केला आहे. तो मंजूर आहे. पाइप तिथेच आहे.

तर काम असं. जेवणघराच्या दारावर एक मोठी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय: 'अपघाताविना गेलेले दिवस.' खाली तीन आकडे, जाड पत्र्याचे, खिळ्यांना अडकवलेले. रोज सकाळी मी शिडीवर चढून (दोनच पायऱ्या, त्याही कण्हत) आकडा एकाने वाढवायचा. हे माझं मुख्य काम. लोक येता-जाता त्या पाटीकडे बघायचे. शंभराला साहेबांनी हात मिळवला, पाचशेला केक आला, आणि हजार झाले की मुख्य कचेरीची माणसं हेलिकॉप्टरने येणार, प्रत्येकाला मनगटी घड्याळ देणार, फोटो काढणार असं ठरलं होतं. समुद्रात चार लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या या पिंजऱ्यात दुसरी करमणूक नाही मामा. साठ माणसं त्या आकड्यात गुंतून पडली. मीही पडलो. घरच्या लोकांची वयं मी विसरलो असेन, आजचा आकडा कधी विसरलो नाही.

आणि मग, आकडा जपायचा म्हणजे काय करायचं, हे आम्ही हळूहळू शिकलो. आचाऱ्याचा हात तेलाने भाजला, कोपरापर्यंत. कचेरीला फोनवर कळवलं. पलीकडच्या गृहस्थांनी हात कसा आहे असं विचारलं नाही. विचारलं, "तो कामावर आहे ना?" आता भाजलेल्या हाताने माणूस स्वयंपाक कसा करणार? तर त्यांनी मला समजावून सांगितलं, की त्याने स्वयंपाकच करायला हवा असं नाही. कामावर असला म्हणजे झालं. म्हणून आचाऱ्याला माझ्या खोलीत बसवून सुरक्षेची फिल्म दाखवली. चार दिवस. फिल्म वीस मिनिटांची आहे. तिसऱ्या दिवशी त्याला सगळे संवाद पाठ झाले, आणि तो ते मला रडक्या आवाजात म्हणून दाखवायचा. पुढे वायरमनचा घोटा मुरगळला, त्याला चाकांच्या खुर्चीवर बसवून माझ्याकडे ढकलत आणलं. मग एका फिटरची पाठ धरली. एका वेळी माझ्या खोलीत तिघंजण 'कामावर' होते, एक लवंडलेला, एक कण्हणारा, एक पट्टी बांधलेला, आणि भिंतीवर ओझं कसं उचलावं याची फिल्म चालू. बाहेर पाटीवर आठशे बारा. मी या तिघांना पाणी देत होतो आणि मनात म्हणत होतो, आपली रिग किती सुरक्षित आहे!

याच सुमारास साहेबांनी सभेत सांगितलं, "नुसता आकडा पुरे नाही. आपल्या रिगवर सुरक्षा संस्कृती रुजवायची आहे. संस्कृती पुढच्या सोमवारी येतेय." माझ्या शेजारी बसलेला क्रेनवाला माझ्या कानाशी लागला, "एकटीच येतेय का? राहणार कुठे?" आणि सोमवारी हेलिकॉप्टरमधून खरंच एक बाई उतरल्या. त्यामुळे त्यांचं नाव संस्कृतीबाई पडलं ते पडलंच. पन्नाशीच्या, चष्मा, आवाज अगदी हळू. त्यांनी सांगितलं, की ज्याला जिथे धोका दिसेल त्याने तो चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा. सहीची सक्ती नाही, भीती नाही, कोणी रागावणार नाही. कल्पना चांगली होती मामा. बाई परत गेल्या, आणि साहेबांनी त्या कल्पनेला नियम लावला: माणशी आठवड्याला दोन चिठ्ठ्या, न दिल्यास नाव फळ्यावर.

तेव्हा चिठ्ठ्यांचा पूर आला. 'कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, धोका.' 'दोन नंबरच्या जिन्यावरून समुद्र दिसतो, लक्ष विचलित होते.' 'सुरक्षा अधिकारी घोरतो, त्यामुळे शेजारच्याची झोप होत नाही, त्यामुळे त्याचा तोल जाऊ शकतो.' (ही मी फाडली.) आचाऱ्याचं अक्षर चांगलं, म्हणून लोक त्याच्याकडूनच लिहून घ्यायला लागले, आणि तो कंटाळून सगळ्यांना एकच मजकूर लिहून द्यायचा. एका आठवड्यात 'हात स्वच्छ धुवावेत' अशा एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. मी त्या मोजायचो, कागदाच्या रंगांप्रमाणे लावायचो आणि तक्ता करून कचेरीला पाठवायचो. तक्ता वर वर चढत होता. कचेरीचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते मी पाइपाखाली चिकटवलं आहे, म्हणजे धडकलं की वाचता येतं.

आता ज्याच्यासाठी एवढं दळण दळलं, त्याकडे येतो. मामी, इथून पुढचं जरा आधी तुम्ही वाचून घ्या, मग मामांच्या हातात द्या.

आमच्याकडे एक हुकवाला आहे. क्रेनच्या हुकाला माल अडकवायचा, सोडवायचा, हाताच्या खुणा करायच्या, हे त्याचं काम. अंगाने काठीसारखा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. बोलतो कमी. घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मुलीने पाठवलेली चित्रं तो बंकच्या छताला आतून चिकटवतो, म्हणजे उताणं पडलं की दिसतात. वर क्रेनच्या डब्यात बसतो तो क्रेनवाला, त्याला आम्ही कावळा म्हणतो, कारण उंच बसून सगळ्यांवर ओरडतो. या दोघांचं नऊ वर्षांचं जमलेलं. बाकी जगाशी दोघांचंही फारसं जमत नाही.

त्या दिवशी पाटीवर नऊशे शहाऐंशी. सकाळचे अकरा. खाली मालाची बोट लागली होती, लाटा बऱ्यापैकी. बोटीवरून पाइपांचा एक भारा वर घ्यायचा होता. क्रेनला वरच्या टोकाशी एक कळ असते. हुक फार वर गेला की ती आपोआप दोर थांबवते, नाहीतर हुकाचा लोखंडी ठोकळा टोकावर आपटून दोर तुटेल. त्या दिवशी कळ लागली नाही. ठोकळा आपटला, दोर तुटला. आवाज कसा झाला म्हणून विचारू नका. माझ्या खोलीत डोक्यावरचा पाइप शहारला एवढंच सांगतो. भारा खाली आला आणि डेकवर फुटला. पैलवान जिथे असायला हवा तिथेच होता, पिवळ्या रेघेच्या मागे. ती रेघ मीच रंगवून घेतली होती, बाईंच्या सांगण्यावरून, मापात. पाइपांना ती वाचता येत नव्हती. ते गडगडत आले.

मी पोचलो तेव्हा कंपाउंडर त्याच्या मांडीला पट्टा आवळत होता. कावळा वरून शिडी उतरून आला होता. पैलवान शुद्धीवर होता. मला बघून त्याने हात वर केला, मला वाटलं पाणी मागतोय. मी खाली वाकलो. (गुडघा टेकला, तेव्हा दुखला नाही. आत्ता आठवलं.)

तो म्हणाला, "आकडा गेला का हो?"

मी म्हटलं, "गप पड. बोलू नकोस."

"चौदाच दिवस राहिले होते. सगळ्यांची घड्याळं गेली माझ्यापायी. त्यांना सांगा, मी रेघेच्या मागेच होतो."

मामा, वीस वर्षं समुद्रावर मी नाही नाही ते ऐकलं. एवढं वाईट वाक्य ऐकलं नाही. पाय मोडून पडलेला माणूस माझी माफी मागत होता.

हेलिकॉप्टरने त्याला तुमच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पाय गुडघ्याच्या खालून काढावा लागला. मी तीनदा फोन लावला, तो उचलत नाही.

इकडे कचेरीचा फोन आला. तेच गृहस्थ. त्यांनी विचारलं, पाइप कोणाचे? मी म्हटलं, बोटीवरून आलेले. ते म्हणाले, "मग अपघात बोटीचा धरता येईल का? बोट आपल्या कंपनीची नाही." मी म्हटलं, पाय आपल्या कंपनीचा आहे. त्यावर ते म्हणाले, विचार करून कळवतो. दोन दिवस विचार चालू होता, आणि दोन दिवस पाटीवर नऊशे शहाऐंशी तसेच. लोक तिच्याकडे न बघता जेवायला जायचे. तिसऱ्या दिवशी हुकूम आला, उतरवा. खाऱ्या हवेने पत्रे खिळ्यांना धरून बसले होते, हातोडीने काढावे लागले. त्या भानगडीत हातोडी माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडली. अपघातांच्या वहीत मी ते लिहिलं नाही. शून्यं शोधावी लागली नाहीत. हजारासाठी तीन शून्यं आधीच मागवून ठेवलेली होती, नवीकोरी, रंग दिलेली. तीच लावली.

मग चौकशी. तिघांची समिती आली, त्यांत संस्कृतीबाई. जेवणघरात टेबलं जोडून बसले. कचेरीने आपला मसुदा तयारच पाठवला होता: क्रेनचालकाचा निष्काळजीपणा. कावळ्याला बोलावलं. तो म्हणाला, "कळ आठवडाभर अडकत होती. मी चिठ्ठी दिली होती." समितीतल्या एकाने विचारलं, कोणाला दिलीस? कावळा बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पेटीत टाकली असेल."

झालं, बाईंनी पेटीतल्या गेल्या पंधरवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या मागवल्या. दोनशे चौदा. माझ्याच खोलीत रंगाच्या उलट्या डब्यावर बसून त्यांनी दीड दिवस एकेक वाचली. आल्या-आल्या पाइपाला धडकल्या, कपाळ चोळलं आणि विचारलं, "हा कधीपासून आहे?" मी म्हटलं, अर्ज मंजूर आहे. त्या हसल्या नाहीत. शेवटची चिठ्ठी वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, मनात असेल ते लिहा. तुमच्याकडे लोक मनातलं सोडून बाकी सगळं लिहितायत. यात माझीही चूक आहे. मी पेटी ठेवून गेले. ती कोण वाचतंय हे बघायला थांबले नाही."

कावळ्याची चिठ्ठी त्यांत नव्हती. मीही शोधली. (फार नाही.) म्हणजे आता होणार असं, की त्याचा परवाना जाईल, क्रेन दुसऱ्याला मिळेल, आणि नऊ वर्षांच्या सोबत्याचा पाय आपण घालवला असं सगळे म्हणतात म्हणून त्यालाही तसंच वाटत राहील. तो हल्ली ओरडत नाही. जेवणघरात भिंतीकडे तोंड करून जेवतो. लोक त्याच्या बाकावर बसत नाहीत. मी एकदा बसलो, तर त्याने मीठ पुढे सरकवलं आणि उठून गेला.

असो. माझं मन आता इथे लागत नाही. गोदीत तुमच्या ओळखीचे एक हेडक्लार्क आहेत, त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकून बघाल का? गोदाम राखणं, नोंदी ठेवणं, काहीही चालेल. जमिनीवरचं असावं आणि त्यात आकडे बदलायचे नसावेत. गुडघ्याचं कारण सांगावं. ते खोटं नाही.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा. जिना उतरताना कठडा धरत जा, हे मी अधिकारी म्हणून नाही, भाचा म्हणून सांगतोय.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. १ – पत्र बंद करायला घेतलं तेवढ्यात आचारी बोट कापून आला. चार टाके. मी वहीत लिहिलं आणि त्याला झोपायला पाठवलं, फिल्म दाखवली नाही. पाटीवर आठ झाले होते, पुन्हा शून्य केलं. साहेब दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. अंगठ्याचंही लिहून टाकलं.

ता. क. २ – हेडक्लार्कांकडे जाऊ नका. तो सगळा मजकूर मी वेळ काढायला लिहिला. वर दोन ठिकाणी खोटं लिहिलंय, तेही दुरुस्त करतो.

पैलवानला मी तीनदा फोन लावला हे खोटं आहे. तीनदा आकडे दाबले, आणि घंटी वाजायच्या आत तोडला.

आणि कावळ्याने चिठ्ठी पेटीत टाकली नव्हती. मंगळवारी दुपारी त्याने ती माझ्या हातात दिली. मी ती त्याच्यासमोर वाचली. लिहिलंय असं: 'हुक थांबवणारी कळ कधी लागते कधी लागत नाही. बदलेपर्यंत क्रेन बंद ठेवावी.' खाली सही. दोनशे पंधरांतली ती एकच खरी होती आणि ती मला लगेच कळली. क्रेन बंद म्हणजे बोट परत जाणार, कचेरी कारण विचारणार, हजाराच्या तोंडावर बोभाटा होणार. मी म्हटलं, "एवढे सोळा दिवस सांभाळून घे. हजार झाले की पहिलं काम तुझं." तो म्हणाला, "तू म्हणतोस तर बरं." वीस वर्षं डेकवर काढलेला माणूस सांगतोय म्हणून त्याने ऐकलं मामा, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर शिवी देऊन क्रेनमधून उतरला असता. समितीपुढे त्याने माझं नाव घेतलं नाही. मीच बोलेन म्हणून तो थांबला होता. मी खिशावर हात ठेवून बसून राहिलो. चिठ्ठी खिशातच होती.

ता. क. ३ – समिती सोमवारी पुन्हा बसतेय. चिठ्ठी मी बाईंच्या हातात देणार आहे, आणि तिच्यावर मी काय बोललो तेही सांगणार आहे. ते सगळं कागदावर येईल आणि कागद हॉस्पिटलात पोचेल. त्याआधी पैलवानला हे आपल्या माणसाकडून कळायला हवं. माझी छाती होत नाही. हे पत्र परवा तुमच्या हातात पडेल, हॉस्पिटल तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, अस्थिविभाग, दुसरा मजला. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. जा, त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, आणि सांगा, की कावळ्याने सांगितलं होतं आणि माझ्या भाच्याने ऐकलं नाही. गुडघ्याचं, कचेरीचं, पाटीचं काही सांगू नका. तेवढंच सांगा. आणि मी रविवारी सुटी काढून किनाऱ्यावर येऊ शकतो, येऊ का, असं विचारा. तो जे बोलेल ते जसंच्या तसं कळवा. शिवी दिली तर शिवीसकट. आणि काहीच बोलला नाही, तर तेही कळवा, मी तरीही येईन.